मंद आचेवरचा चोरीस-बटाटा

दिवा स्थानकात रात्रीच्या सुमारास सावंतवाडीहून येणारी गाडी थांबली, म्हणजे उतरणाऱ्या उतारूंच्या पिशव्यांवरून कोकणात कोणता ऋतू चालू आहे याचा अदमास फलाटावर उभे राहूनच करता येतो. वैशाखात आंबे-फणस, दिवाळीनंतर नवे तांदूळ, आणि बारा महिने कुळीथ, कोकमे व नारळ असा तो सरंजाम असतो. १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यापासून दक्षिण कोकण दिव्याच्या इतके निकट आले आहे की, ज्या बिऱ्हाडांचे सोयरसंबंध बांद्याच्या पलीकडे, बार्देश वा साष्टीसारख्या गोव्याच्या तालुक्यांत आहेत, त्यांच्या पिशवीच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली तांबूस-काळ्या मण्यांची एक माळ पुष्कळदा सापडते. तिला गोव्यात चोरीस म्हणतात, आणि मुंबई-ठाण्याच्या बाजारात गोवा सॉसेज. ही माळ घरी आली की तिचे काय करावे, हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारला आहे, आणि बहुतेकांनी ती तव्यावर परतून, करपवून, अर्धी वाया घालवल्याचे मी पाहिले आहे, की तिच्या योग्य उपयोगाचा तपशील एकदा सविस्तर लिहून ठेवावा असे वाटले.

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे व चरबीचे लहान तुकडे मीठ लावून मुरवून, त्यांना सुक्या लाल मिरच्या, लसूण, आले, हळद, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी यांचे माडाच्या शिरक्यात वाटलेले वाटण चोळून, ते स्वच्छ केलेल्या आतड्यात ठासून भरून, दोऱ्याने मण्यामण्यांत आवळून उन्हात व धुरावर वाळविलेले मांस. पावसाळ्यात गोव्याचा दर्या खवळला आणि मासळी बंद झाली, म्हणजे घरात काहीतरी असावे म्हणून ज्या बेगमीला तिकडे पुरुमेंत म्हणतात, त्या बेगमीच्या जिनसांत सुकी मासळी, लोणची व सोलांबरोबर चोरीसच्या माळांचे स्थान फार जुने आहे. नाव पोर्तुगीज ‘शौरिसु’ या शब्दावरून आले. आणि ज्या बटाट्याशी त्याची गाठ आपण येथे घालणार आहोत तो बटाटा, ज्या पावाशी तो खायचा तो पाव, हे दोन्ही शब्दही त्याच भाषेतून मराठीत आले व इतके मुरले की त्यांना आज कोणी परके म्हणणार नाही. ठाणे १७३७पर्यंत आणि वसई १७३९पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांची वाट आपल्या दाराशीच होती असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

चोरीस आणि बटाटा एकत्र शिजविण्याची वहिवाट गोव्यात घरोघर आहे. परंतु तिचे मर्म मला उमगले ते सातासमुद्रांपलीकडच्या एका पदार्थाकडे पाहून. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे कॉडल नावाचा एक रस्सा गोरगरिबांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. त्यात डुकराच्या मांसाचे सॉसेज, खारवलेल्या मांसाच्या म्हणजे बेकनच्या चकत्या, कांदा, बटाटा, मिरी आणि थोडी पार्स्ली, यांवाचून दुसरे काही नसते. कॉडल या इंग्रजी क्रियापदाचा अर्थच मुळी उकळी येऊ न देता हळुवार शिजविणे असा आहे. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्या कॅथलिक घरांत गुरुवारी रात्री उरलेसुरले सॉसेज व बेकन संपविण्यासाठी हा रस्सा होत असे, असे त्याच्याविषयी सांगतात. ज्या देशात १८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि त्यानंतरच्या सात वर्षांत सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने व रोगाने मेली, आणि तितकीच देशोधडीस लागली, त्या देशातील गृहिणीने बटाट्याला ताटात प्रथम स्थान द्यावे आणि मांसाला त्याच्या चवीपुरते राबवावे, यात मला मोठे शहाणपण दिसते. चोरीस-बटाट्याचेही गमक तेच आहे. पाव किलो चोरीस चार माणसांना पुरते ते मांस म्हणून नव्हे. त्याची चरबी, त्याचे तिखट, त्याचा आंबटपणा पाऊण किलो बटाट्यात उतरतो म्हणून पुरते. ज्याला हा हिशेब पटला त्याने अर्धा स्वयंपाक जिंकला.

पहिल्यांदा मी हा रस्सा केला तो डब्लिनच्या रीतीने. कांदा, चोरीस, कच्चे बटाटे आणि पाणी एकाच टोपात घातले, वर हौसेने दोन चमचे शिरकाही ओतला, झाकण लावले आणि तासभर मंद आचेवर ठेवले. चोरीस उत्तम शिजले, कांदा विरघळून गेला, बटाटा मात्र बाहेरून लाल आणि आतून कच्च्या भोपळ्यासारखा करकरीत राहिला. आणखी अर्धा तास ठेवूनही त्याने हार खाल्ली नाही. त्या वेळी आमच्या मजल्यावर साष्टीकडच्या एक वृद्ध बाई राहत असत. त्यांनी टोपात डोकावून एवढेच विचारले, “डाळ शिजायच्या आधी तुम्ही तिच्यात चिंच घालता काय?”

त्या एका प्रश्नात सारे शास्त्र आले. आंबट पदार्थाच्या सान्निध्यात भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारा चिकट द्रव्याचा बंध लवकर सुटत नाही. म्हणूनच आमटीत कोकम, उसळीत चिंच, भाजीत टोमॅटो हे सारे शिजण्याच्या अखेरीस घालण्याचा शिरस्ता आपल्या आज्यांनी पाळला, आणि त्याचे कारण त्यांना कोणी विचारले नाही म्हणून त्यांनी सांगितले नाही. डब्लिनच्या सॉसेजात शिरका नसतो, तेव्हा तेथे कच्चा बटाटा मांसाबरोबर घालण्यास काही हरकत नाही. आपल्या चोरीसमध्ये शिरका मुरलेला असतो, तेव्हा बटाटा आधी साध्या पाण्यात तीनचतुर्थांश शिजवून मगच त्याची चोरीसशी गाठ घालावी. संपूर्ण लेखातील एकच ओळ वाचकाने लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

आता खरेदीविषयी. चोरीस घेताना माळ हातात घेऊन पाहावी. मणी घट्ट परंतु किंचित दबणारे असावेत, आतड्याच्या आवरणातून दिसणारी चरबी पांढरी असावी. ती पिवळट झाली असेल किंवा वासात शिरका-लसणीऐवजी खवटपणा येत असेल, अथवा हाताला बुळबुळीत लागत असेल, तर माळ कितीही स्वस्त असली तरी परत करावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात या माळा लटकलेल्या दिसतात. आप्तेष्टांपैकी कोणी तिकडून येणार असेल तर तेथूनच मागविण्याची तजवीज करावी. तसे नसल्यास ठाणे, डोंबिवली किंवा मुंबईतील ज्या दुकानांत थंड पेटीतील मांस मिळते तेथे वेष्टनबंद चोरीस मिळू शकते. त्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक व उत्पादनाची तारीख आहे की नाही हे पाहण्यात कसूर करू नये. गोव्याच्या घरांत चुलीवरच्या धुरात माळ टांगून ठेवतात, म्हणून आपणही खिडकीत टांगावी असे कोणी करू नये. दिव्याला एका अंगास खाडी, वर चार महिने पाऊस. या दमट हवेत माळेला बुरशी येण्यास विलंब लागत नाही. ती शीतकपाटातच ठेवावी, आणि महिनाभर राहणार असेल तर बर्फाच्या कप्प्यात.

बटाट्याच्या निवडीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि पदार्थ बिघडतो तो बहुधा तेथेच. पातळ सालीचा, नखाने साल सुटणारा नवा बटाटा आकार राखतो पण रस्सा दाट करीत नाही. जुना, जाड सालीचा, पिठूळ बटाटा कडांनी विरघळून रश्शाला अंग आणतो. मी दोन्ही निम्मेनिम्मे घेतो. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाट्याचे पीक होते, आणि तो माल बाजारात येतो तेव्हाचा ताजा बटाटा या कामी मला विशेष पसंत पडतो. थंड गोदामात फार काळ राहिलेला बटाटा गोडसर होतो, कारण थंडीने त्यातील पिष्टाची साखर बनते. तसा बटाटा चिवड्याला वा वेफरला जितका वाईट तितका या रश्शाला वाईट नाही, किंबहुना शिरक्याच्या आंबटपणाशी त्याची चांगली मैत्री होते. हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा मात्र मुळीच घेऊ नये. त्यात पोटाला अपायकारक असे कडू द्रव्य तयार झालेले असते, आणि ते शिजवून नाहीसे होत नाही.

चार माणसांसाठी पाव किलो चोरीस, पाऊण किलो बटाटे, चार मध्यम कांदे आणि हिरव्या मिरच्या दोन, एवढीच सामग्री पुरे. तेल नको, चोरीसमधून जे सुटेल तेच फार होते. मीठही नको, आणि ही ताकीद मी मुद्दाम देत आहे, कारण आपला हात सवयीने मिठाच्या बरणीकडे जातो. बटाटे सोलून त्यांचे प्रत्येकी दोन वा चार, ठसठशीत तुकडे करावेत. लहान फोडी केल्या तर अखेरीस लगदा होतो. ते गार पाण्यात, बुडतील इतपतच पाणी घेऊन, मंद आचेवर ठेवावेत आणि सुरीचे टोक आत जाताना मध्यभागी थोडा अडथळा जाणवेल तेव्हा उतरवावेत. उकळी आल्यापासून दहा-बारा मिनिटांत हे साधते. ते पाणी ओतून देऊ नये. बटाट्याचे पिष्ट त्यात उतरलेले असते आणि आपला रस्सा त्यातूनच व्हायचा असतो. शिवाय ज्या गावात अनेक बिऱ्हाडांना पाण्यासाठी हंडे भरून ठेवावे लागले आहेत, तेथे शिजवणाचे पाणी मोरीत ओतणे माझ्या तरी जिवावर येते.

दुसरीकडे जाड बुडाच्या टोपात चोरीसचे मणी दोऱ्यापासून सोडवून घ्यावेत. दोऱ्याचा एकही तुकडा आत राहता कामा नये. मणी लहान असतील तर आवरणासह तसेच राहू द्यावेत, मोठे व जाड आवरणाचे असतील तर चीर देऊन आवरण काढून टाकावे. अर्धी वाटी पाणी घालून, झाकण ठेवून, विस्तव अगदी बारीक करावा. पाणी आधी गढूळ होते, मग तांबडे, आणि पंधराएक मिनिटांनी त्यावर केशरी तवंग जमू लागतो. हा तवंग दिसेपर्यंत कांदा घालू नये. तो दिसला की जाड उभा चिरलेला कांदा व मधोमध चिरलेल्या मिरच्या घालून दहा मिनिटे तशाच आचेवर ठेवावे. त्यानंतर बटाटे, आणि त्यांच्याच पाण्यातले दीड वाटी पाणी. येथून पुढे वीस ते पंचवीस मिनिटे टोपात चमचा घालण्याची मुभा कोणालाही नाही. तळ लागेल अशी भीती वाटल्यास दोन्ही कान धरून टोप हलकेच फिरवावा. झाकण उघडले असता पाण्याच्या पृष्ठावर खळखळ दिसू नये, कडेला एखादाच बुडबुडा फुटावा, एवढीच उष्णता हवी. खळखळून उकळलेले चोरीस फुटते, त्यातील मांस आवळून रबरासारखे होते, तर संथ उष्णतेत मांसातील चिवट भाग हळूहळू विरघळून रश्शाला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. कुकरच्या तीन शिट्ट्यांनी वेळ वाचतो हे खरे, परंतु ज्यासाठी हा पदार्थ करायचा ते त्या तीन शिट्ट्यांत नाहीसे होते. आच बंद केल्यावर अर्धा तास टोप झाकून ठेवावा. या अर्ध्या तासात बटाटा रस पितो.

ज्यांना डब्लिनची रीत करून पाहायची असेल त्यांनी बाजारात मिळणारी साधी, मसालेदार नसलेली आठ कच्ची पोर्क सॉसेज, दोनशे ग्रॅम बेकन, एक किलो बटाटे व दोन मोठे कांदे घ्यावेत. तळाशी कांदा, त्यावर बेकनचे रुंद तुकडे, त्यावर सॉसेज, सर्वांत वर बटाटे, मध्ये मध्ये जाडसर कुटलेली मिरी, आणि थरांच्या निम्म्यापर्यंत येईल इतके पाणी. वरचा बटाटा वाफेवर शिजतो आणि खालचा रसात, हे त्या रचनेचे सौंदर्य आहे. घट्ट झाकण ठेवून सव्वा तास मंद आच द्यावी. डब्लिनचे जुने लोक सॉसेज आधी तळून घेत नाहीत; ते फिकट, पांढुरके दिसते, आणि आपल्या डोळ्यांना ते चमत्कारिक वाटेल. मी दोन्ही प्रकारे करून पाहिले असून तळल्याने रंग येतो पण रसाची शुद्ध चव गढूळ होते, असा माझा अभिप्राय आहे. पार्स्ली मिळाली नाही तर तिच्या जागी कोथिंबीर घालू नये. कोथिंबिरीचा सुगंध सुंदर असला तरी तो येथे सर्वांवर अंमल गाजवू लागतो. नुसती मिरी पुरेशी आहे. चोरीस आणि बेकन एकाच टोपात एकत्र करण्याचा मोह काहींना होतो, त्यांना माझे सांगणे असे की दोन खारवलेले जिन्नस एकत्र आले म्हणजे बटाट्याला तोंड उघडण्यास जागा उरत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने एका गोष्टीविषयी हयगय चालणार नाही. चोरीस खारवलेले, धुरावलेले असले तरी ते कच्चेच मांस आहे. डुकराच्या अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी माणसाच्या शरीरात शिरू शकतो, आणि मीठ वा शिरका यांच्या भरवशावर राहून ती भीती गेली असे समजणे धोक्याचे आहे. बारीक केलेल्या डुकराच्या मांसाच्या गाभ्याची उष्णता ७१ अंश सेल्सियसपर्यंत गेली पाहिजे असा सर्वमान्य दंडक आहे. साध्या सॉसेजचा आतला गुलाबी रंग गेला की नाही हे कापून पाहता येते, परंतु चोरीस मिरचीने मुळातच लाल असल्याने तेथे डोळ्यांची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. म्हणून वर सांगितलेली पाऊण तासाची मुदत कमी करू नये, आणि मणी अंगठ्याहून जाड असतील तर ती तासापर्यंत वाढवावी. कच्चे चोरीस कापलेली पाटी व सुरी साबणाने धुतल्यावाचून त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये. रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी हा पदार्थ नित्याचा करू नये, कारण त्यात मीठ व चरबी दोन्ही विपुल आहेत. महिन्यातून एखादा रविवार हे त्याचे यथायोग्य स्थान.

आणखी एक गोष्ट स्वयंपाकाची नसली तरी स्वयंपाकघरातूनच सुरू होते. दिव्याच्या इमारतींत एका जिन्यावर आगरी, कोकणी, उत्तरेकडचे, गुजराती, ख्रिस्ती, मुसलमान अशी कितीतरी घरे दारास दार लावून राहतात, आणि त्यांतील पुष्कळांना हे मांस धर्माने वा संस्काराने वर्ज्य आहे. आपल्या घरात काय शिजवावे हा आपला अधिकार खरा. परंतु घरी काही विशेष झाले की शेजारी वाटी पाठविण्याची आपली सुंदर चाल आहे, आणि तिच्यात अनवधानाने एखाद्याचा व्रतभंग होऊ नये याची खबरदारी आपणच घ्यावयाची असते. वाटी पाठवण्याआधी तिच्यात काय आहे ते स्पष्ट शब्दांत सांगावे. माझ्या घरी या पदार्थासाठी टोप, पाटी व झारा स्वतंत्र ठेवले आहेत, आणि ते ठाऊक असल्यामुळे शाकाहारी शेजारी आमच्याकडे निःशंकपणे चहा घेतात.

वाढताना खोलगट थाळीत प्रथम बटाटे, मग कांदा व चोरीस, आणि शेवटी वरचा तवंगासह रस असा क्रम ठेवावा. ज्यांना तवंग जड वाटतो त्यांनी तो चमच्याने काढून वाटीत ठेवावा, फेकू नये. दुसऱ्या दिवशी त्यात दोन अंडी किंवा उकडलेली चवळी परतली तर त्यासारखी न्याहारी नाही. डब्लिनमध्ये यासोबत सोडा घालून भाजलेला जाड पाव असतो, गोव्यात पोई असते. आपल्याकडे बेकरीचा ताजा पाव आहेच, पण आगरी घरांत होणारी तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी या रसात जशी भिजते तसे दुसरे काही भिजत नाही, असे माझे ठाम मत आहे. सोबत कच्चा कांदा व काकडी असावी. लिंबू पिळू नये.

उरलेला रस्सा दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा, दोन दिवसांत संपवावा, आणि पुन्हा गरम करताना मधल्या बटाट्यापर्यंत वाफ पोहोचेपर्यंत तो विस्तवावर असू द्यावा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता सुरुवात करावी. साडेदहाला टोप उतरतो, आणि अकराला तो जेवणास तयार असतो.